पेटंट: 'यात नवीन काय?' हे नक्की कुणी आणि कसं ठरवायचं?

सोल्डरगन
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, शेतीपंपाच्या स्टार्टरला जोडायचे इलेक्ट्रॉनिक डबे बनवतो. मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारे डबे बाजारात कधीचे आहेत, त्यात काही सांगण्यासारखं नाही. आमची भानगड पुढची आहे.

दिंडोरी-निफाडकडे लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. मग रात्री दोनला थ्री फेज आली तरी शेतकऱ्याला मेसेज जात नाही. म्हणून आम्ही डब्यांना स्वस्तातला रेडिओ बसवला. एका डब्याने शेजारच्या डब्याला निरोप द्यायचा, त्याने पुढच्याला, आणि ज्याला रेंज असेल त्याने एसएमएस टाकायचा. पण सगळे एकदम बोलायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. त्यावर तोड अशी काढली: एका फीडरवरच्या (म्हणजे सबस्टेशनहून निघणाऱ्या एकाच वीजवाहिनीवरच्या) सगळ्या डब्यांना लाईट एकाच क्षणी येते. तो क्षण शून्य धरायचा आणि तिथून मोजून प्रत्येकाने आपल्या नंबरावर बोलायचं. जीपीएस नको, महागडं घड्याळ नको. मोजणी चालू राहायला आत छोटी बॅटरी आहे.

पेटंटचा अर्ज केला होता. आता परीक्षण अहवाल आलाय. त्यात दोन जुने कागद लावलेत: एक मोबाईल स्टार्टरचा अर्ज आणि एक वीजमीटर एकमेकांमार्फत रीडिंग पुढे सरकवतात असं अमेरिकन पेटंट. शेरा असा की या विषयातल्या जाणकाराने दोन्ही एकत्र केले असते, सबब शोध 'ऑब्व्हियस', म्हणजे उघड, सहज सुचण्याजोगा आहे.

माझा प्रश्न साधा आहे. हा जाणकार कोण? आणि त्याला काय सुचलं असतं हे आज बसून कसं ठरवायचं?

टिंगलखोर
मिसळ जुनी, पाव जुना, पण दोन्ही एका ताटात वाढणाऱ्याला पेटंट मिळालं असतं तर आज नाशकात घराघरात वकील असता. (हलके घ्या.)

पिंपळगावकर
पेटंटचं नंतर बघू, डबा केवढ्याला? आमच्याकडे या आठवड्यात रात्रपाळीची लाईट आहे. मेसेज येत नाही म्हणून गडी मळ्यातच झोपतो, आणि बिबट्याच्या भीतीने तोही झोपत नाही.

कोर्टाची पायरी
धागाकर्ते, प्रश्न चांगला आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. पेशाने वकील आहे, पण हा सल्ला नाही, गप्पा आहेत.

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम २(१)(जेए) मध्ये 'इन्व्हेंटिव्ह स्टेप'ची व्याख्या आहे. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. आणि शिवाय त्या विषयातल्या कुशल माणसाला ते उघड वाटता कामा नये. बरेच जण 'आर्थिक महत्त्व' वाचून थांबतात. खपतंय म्हणजे झालं, असं नाही. दुसरी अट सुटत नाही.

हा कुशल माणूस काल्पनिक आहे. त्याला त्या तारखेपर्यंत प्रसिद्ध झालेलं सगळं ठाऊक असतं असं धरायचं, पण प्रतिभा मात्र बेताची. रोश विरुद्ध सिप्ला खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१५ मध्ये याचा क्रम घालून दिला. आधी हा माणूस कोण ते ठरवा. मग शोधाचा गाभा ओळखा. मग अर्जाच्या तारखेला या क्षेत्रात काय सर्वज्ञात होतं ते त्या माणसाच्या पदरात टाका. जुनं आणि नवं यांतला फरक नेमका मांडा. आणि शेवटी विचारा, नवं काय आहे ते माहीत नसताना हा फरक त्याने स्वतःहून ओलांडला असता का?

सगळी मारामारी त्या 'माहीत नसताना'वर होते.

खडूस आजोबा
तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. माझ्या हाताखालच्या पोरांनी रोज असले जुगाड केले. कुणी पेटंट मागितलं नाही. आता एक तार इकडची तिकडे केली की लगेच पेटंट! उद्या ऑटो स्विचलाही मागाल.

कोर्टाची पायरी
@खडूस आजोबा, तुमच्या बाजूने सर्वोच्च न्यायालय उभं आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, निकाल १९७८ चा. विषय काय, तर लेथवर भांडं धरून ठेवायची सोय. न्यायालय म्हणालं, कारखान्यात काम करता करता कारागिराला सुचते तसली सुधारणा पुरेशी नाही, त्यापलीकडे काहीतरी हवं. पेटंट गेलं. आजही कुठलाही निकाल उघडा, या खटल्याचं नाव असतंच.

तांबट आळी
आमच्या पणजोबांच्या काळी हंड्याला गोलाई द्यायला कोण कसं धरतं यावरून घराण्याची ओळख पटायची. ती हातोटी कुणी कागदावर लिहिली नाही. मग असल्या ज्ञानाचं काय? जाणकाराला 'सगळं ठाऊक' असतं म्हणता, ते छापलेलंच ना?

कोर्टाची पायरी
छापलेलं किंवा उघडपणे वापरात असलेलं. सार्वजनिक वापराचा पुरावा देता आला तर तोही चालतो. शिवाय कलम २५ मध्ये तोंडी ज्ञानाचाही उल्लेख आहे, स्थानिक आणि आदिवासी समाजातल्या. पण सिद्ध करताना घाम फुटतो.

उंटावरचा शहाणा
सोल्डरगन, मला परीक्षकाचं पटतंय. मोबाईल स्टार्टर पुण्याच्या 'नॅनो गणेश'मुळे महाराष्ट्रात घरोघरी माहीत. निरोप हाताहाती पुढे देणं हे मेश नेटवर्क, इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवतात. रेंज नाही ही अडचण असेल तर मेश हे पहिलं उत्तर. मला तर दोन मिनिटांत सुचलं असतं.

सोल्डरगन
दोन मिनिटांत कसं सुचलं असतं? तुम्ही आत्ता माझी पोस्ट वाचून बोलताय की. आधी कुणी का नाही केलं मग?

अरुणोदय
हा 'वाचल्यावर सुचणं' प्रकार फार जुना आहे. रेडिओचाच इतिहास बघा. मार्कोनीचं ट्यूनिंगचं अमेरिकन पेटंट, नंबर ७६३,७७२, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये रद्द ठरवलं. लॉज, टेस्ला आणि जॉन स्टोन यांच्या आधीच्या कामात ते आलेलंच आहे असं बहुमताचं म्हणणं. पण न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी वेगळं मत लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की जे त्या काळच्या बिनीच्या डोक्यांना सापडलं नव्हतं, ते कुणीतरी दाखवून दिल्यावर मागे वळून 'हे तर उघडच होतं' अशी जुळवाजुळव करणं हुशार माणसांना फार मोहात पाडतं.

गंमत म्हणजे त्यांचं मत हरलं, पण मागाहूनच्या शहाणपणाबद्दलचा त्यांचा इशारा आजही लागू पडतो.

टिंगलखोर
म्हणजे न्यायालयातही आमच्यासारखेच असतात, मॅच संपल्यावर बॅटिंग ऑर्डर सांगणारे.

देवळालीचा सिग्नलवाला
अवांतर: जगदीशचंद्र बोसांचं डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट १९०४ चं, नंबर ७५५,८४०. बोसांना पेटंट घेणं मनापासून आवडत नव्हतं म्हणतात. आणि हेडी लमार ही हॉलिवूडची नटी, तिच्या आणि एका संगीतकाराच्या नावावर १९४२ मध्ये फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याच्या पद्धतीचं पेटंट आहे. टॉर्पेडो रेडिओने चालवायचा, आणि प्रेषक व ग्राहक एकाच तालात राहावेत म्हणून आपोआप वाजणाऱ्या पियानोची छिद्रवाली कागदी गुंडाळी, आणि पियानोच्या पट्ट्यांइतक्याच म्हणजे ८८ फ्रिक्वेन्सी. नटी आणि संगीतकाराला सुचलं, तर त्या विषयातला 'कुशल माणूस' कोणता धरायचा? नाविक दलातला की पियानो दुरुस्त करणारा?

अरुणोदय
ज्याच्यापुढे ती अडचण उभी आहे तो. इथे टॉर्पेडोच्या रेडिओवर काम करणारा. पियानोची गुंडाळी त्याच्या रोजच्या टेबलावर नसते, आणि म्हणूनच ती कल्पना उघड म्हणता येत नाही.

उंटावरचा शहाणा
ठीक आहे, पण दूरसंचारात उलटी उदाहरणंही ढीगभर आहेत. आपल्याकडचं ड्युअल सिमचं प्रकरण विसरलात का? मदुराईच्या एका संशोधकाला २००८ मध्ये एकाहून जास्त सिम असलेल्या फोनचं पेटंट मिळालं, नंबर २१४३८८. त्याच्या जोरावर आयात होणारे फोन कस्टममध्ये अडकायला लागले. मोबाईल कंपन्या धावल्या, आणि २०१२ मध्ये अपील मंडळाने ते पेटंट रद्द केलं. अर्जाच्या तारखेआधीच्या कागदांत हे येऊन गेलंय, जाणकाराला जमलं असतं, म्हणून.

विचार करा, त्या काळात बाजारातला प्रत्येक स्वस्त फोन ड्युअल सिम होता. गरज होती, खप होता, आर्थिक महत्त्व तर विचारूच नका. तरी टिकलं नाही.

कोर्टाची पायरी
बरोबर. आणि ते अपील मंडळही आता नाही, २०२१ मध्ये बरखास्त झालं. असली प्रकरणं आता उच्च न्यायालयात जातात.

सिमवरून आठवलं, युरोपात याहून बोधप्रद निकाल आहे: कॉमविक, २००२. एकाच सिमवर दोन ओळखी, एक ऑफिसची, एक घरची, म्हणजे बिल वेगवेगळं. युरोपियन पेटंट ऑफिसच्या अपील मंडळाने म्हटलं की बिल वाटून घ्यायचं ही हिशोबाची इच्छा आहे, तंत्र नाही. ती इच्छा इंजिनिअरच्या हातात आयती ठेवा आणि मग बघा, 'हे करून दे' म्हटल्यावर त्याला काय अवघड गेलं? काहीच नाही. पेटंट गेलं.

तेव्हा सोल्डरगन, 'शेतकऱ्याला रात्री मेसेज मिळावा' ही गरज कितीही खरी असली तरी तिचे गुण मिळणार नाहीत. गुण तंत्राचे. तुमचा पहिला दावा (शोधातलं नेमकं काय आपलं, हे सांगणारं अर्जातलं वाक्य) जसाच्या तसा इथे टाकाल का?

सोल्डरगन
मराठीत सांगतो: "शेतीपंपाची नियंत्रण पेटी, जिच्यात मोबाईल मोडेम व रेडिओ असून, मोबाईल जाळे नसताना ती निरोप रेडिओने दुसऱ्या पेटीकडे पाठवते व ती पेटी तो मोबाईल जाळ्यावर टाकते."

कोर्टाची पायरी
आणि लाईट आल्याच्या क्षणापासून मोजायचं?

सोल्डरगन
ते सातव्या दाव्यात आहे.

उंटावरचा शहाणा
😀 मग परीक्षकाचं काय चुकलं? पहिल्या दाव्यात जे आहे ते स्टार्टर अधिक मेश, एवढंच आहे. ज्याच्यावर तुमचा जीव आहे ते सातव्या मजल्यावर.

सातपूरची मीनल
मी एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आतल्या चिप आणि प्रोग्रामवर काम करते. मला सातव्या दाव्यावर बोलायचंय, कारण धाग्यातली खरी गोष्ट तीच आहे.

शेतीच्या फीडरवर लाईट आली की काय होतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: बहुतेक मोटरींना ऑटो स्विच लावलेला असतो. तीन फेज आल्या रे आल्या की तो आपोआप मोटर चालू करतो आणि डीपीवरच्या (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एका झटक्यात उठतात. चालू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. डीपी हुंकारते, व्होल्टेज बसतं, एखादा फ्यूज जातो, कधी ट्रान्सफॉर्मरच जळतो. मग आठवडाभर वर्गणी आणि ट्रॅक्टर. म्हणून या धंद्यातला प्रत्येक माणूस 'सगळ्यांना एकाच वेळी लाईट येते' याकडे कटकट म्हणून बघतो. सगळा खटाटोप तो क्षण पसरवण्याचा, टायमर लावून मोटरी मागेपुढे उठवण्याचा.

यांनी तोच क्षण फुकटचं घड्याळ म्हणून वापरला. धंद्याची सवय ज्या दिशेला ढकलते त्याच्या उलट गेले. कायद्यात याला वजन आहे ना, वकीलताई?

कोर्टाची पायरी
भरपूर आहे. जुने कागद ज्या वाटेपासून दूर नेतात त्या वाटेने गेलात तर 'उघड' म्हणणं कठीण होतं. पण तसं दाखवणारे कागद हवेत. टायमर रिले बनवणाऱ्यांची माहितीपत्रकं, वीज विभागाच्या ऑटो स्विच काढा म्हणून सांगणाऱ्या सूचना, असलं काही. नुसतं 'आम्हाला माहीत आहे' चालत नाही.

अंधारातला बाण
मी जरा काडी टाकतो. विजेच्या तारेकडून वेळ उसनी घेणं नवीन नाही. एक्स-१० नावाची घरातले दिवे-पंखे दुरून चालवायची पद्धत १९७५ पासूनची. त्यात संदेश एसी लहर शून्य ओलांडते त्या क्षणाशी जुळवून पाठवतात. म्हणजे 'वीज सगळ्यांकडे एकाच वेळी पोचते, तिच्यावरून ताल धरा' हे पन्नास वर्षांपूर्वीच आलं. आणि मीनलताईंनी स्वतःच सांगितलं की लाईट आल्यावर आपापल्या पाळीने उठणाऱ्या मोटरी आधीपासून आहेत. या दोन्ही गोष्टी जाणकारापुढे ठेवल्या की सातवा दावाही गेला.

खडूस आजोबा
आता कसं! मी तेच म्हणत होतो.

सातपूरची मीनल
@अंधारातला बाण, एक्स-१० चा मुद्दा छान आहे, मान्य. पण दोन गोष्टी. शून्य ओलांडणं सेकंदाला शंभर वेळा होतं. त्यावरून 'आत्ता' कळतं, 'कितवा नंबर चाललाय' ते कळत नाही. लाईट येणं ही एकदाच होणारी घटना, तिथून मोजणी सुरू करता येते. आणि एक्स-१० मध्ये संदेशही त्याच तारेतून जातो. इथे संदेश हवेतून आणि ताल तारेतून. रेडिओवाला माणूस ताल शोधायला रेडिओतच बघतो, फार तर जीपीएसकडे. तो डीपीकडे बघेल असं का मानायचं?

अंधारातला बाण
कारण तो डबा डीपीला जोडलेलाच आहे! समोर असलेली तार दिसणार नाही इतका आंधळा जाणकार कसा धरता? २००७ च्या केएसआर खटल्यात अमेरिकन सर्वोच्च न्यायालय हेच म्हणालं. गाडीच्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर कुठे बसवायचा यावरचा वाद होता. जाणकार म्हणजे यंत्रमानव नव्हे, त्यालाही चार गोष्टी जोडायची साधारण बुद्धी असते.

अरुणोदय
जोडता आलं असतं आणि जोडलं असतं यात फरक आहे. युरोपात परीक्षक हाच प्रश्न विचारतात. 'शक्य होतं का' नाही, 'काही कारण असल्याने त्याने केलंच असतं का'. इथे कारण दाखवा. मीटरवाल्या पेटंटमध्ये निरोपांची टक्कर टाळायला काय केलंय?

सोल्डरगन
आत्ता परत उघडून बघितलं. मीटर आधी कान देऊन ऐकतात, हवा मोकळी असली तर बोलतात, नाहीतर थोडा वेळ थांबून परत. मीटरला लाईट कायमच असते, त्यामुळे 'लाईट आली' असा प्रसंग त्यांच्याकडे नाहीच. आमच्याकडे तो रोज असतो. आणि त्याच क्षणी सगळ्यांना एकच बातमी सांगायची असते, म्हणून ऐकून थांबणं जमत नाही. आम्ही ते आधी करून पाहिलं होतं, निम्मे निरोप हवेतच राहायचे.

कोर्टाची पायरी
हे, हे लिहा! जुन्या कागदाने स्वतःचं उत्तर दिलेलं आहे आणि ते तुमच्या जागी चालत नाही. शिवाय तुमची अडचण त्या कागदात उद्भवतच नाही. मग जाणकाराने तो कागद उचलून तुमच्या पद्धतीने का बदलला असता? निम्मे निरोप हरवल्याच्या चाचणीच्या नोंदी असतील तर जोडा, पण त्या तारखेच्या हव्यात.

करायचं एवढंच: सातवा दावा पहिल्यात आणा. दावा आकुंचित करायला कलम ५९ मुभा देतं, रुंद करायला नाही. अहवालाच्या तारखेपासून सहा महिने आहेत, अर्ज करून आणखी तीन मिळतात. सुनावणी मागून ठेवा. एक्स-१० अहवालात नसेल तरी उत्तर तयार ठेवा. आज 'अंधारातला बाण' यांना सापडलं ते उद्या विरोध करणाऱ्यालाही सापडेल, आणि पेटंट मिळाल्याचं प्रसिद्ध झाल्यावर वर्षभर विरोध करता येतो.

पिंपळगावकर
आणि कलम ३(के)? माझ्या पुतण्याचा ॲपचा अर्ज त्यावरच अडकलाय.

कोर्टाची पायरी
नुसता संगणक प्रोग्राम किंवा अल्गोरिदम असेल तर अडतं. २०१९ च्या फेरिद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की तांत्रिक परिणाम दिसत असेल तर केवळ प्रोग्राम आहे म्हणून झिडकारू नका. इथे रेडिओवरची टक्कर टळते, तो परिणाम मोजता येतो. पुतण्याचं वेगळा धागा काढून विचारा.

उंटावरचा शहाणा
मी माझं मत निम्मं मागे घेतो. पहिला दावा दोन मिनिटांचा, सातवा नाही. पण धागाकर्त्यांचा राग अजून पहिल्या दाव्यासाठीच आहे असं दिसतंय.

सोल्डरगन
राग आहेच. दावा आखडला की शेजारचा गाळेवाला जीपीएस टाकून तोच मेश डबा विकेल, मी बघत बसायचं.

अरुणोदय
विकू द्या. जीपीएस मॉड्यूलचा खर्च त्याच्या डब्यावर पडेल, तुमच्या नाही. मोर्सने १८५४ मध्ये वीज वापरून दूरवर अक्षरं उमटवायची कुठलीही पद्धत आपलीच, असा आठवा दावा लढवून पाहिला. न्यायालयाने तो तेवढा नाकारला, बाकीचे टिकले. तारायंत्राचा मालक म्हणून त्याला कुणी गरीब म्हटलं नाही.

खडूस आजोबा
मला एक सांगा. आमच्या मळ्याच्या मधून दोन फीडर जातात. एकावर दिवसा लाईट, दुसऱ्यावर रात्री. बांधाच्या अलीकडचा डबा आणि पलीकडचा डबा, दोघांचं शून्य वेगळं. मग निरोप बांध कसा ओलांडणार?

सोल्डरगन
आजोबा, हा प्रश्न परीक्षकानेही विचारला नाही! बांधावरचा डबा दोन्हीकडचं ऐकतो आणि दोन मोजण्या सांभाळतो...

कोर्टाची पायरी
थांबा, थांबा. हे अर्जात लिहिलंय का? लिहिलं नसेल तर इथे एक अक्षरही टाकू नका.

सोल्डरगन
लिहिलंय, आकृतीसकट. आणि अठरा महिने उलटून अर्ज प्रसिद्धही झालाय.

कोर्टाची पायरी
मग चालू द्या.

पिंपळगावकर
डबा केवढ्याला ते अजून कुणी सांगितलं नाही.